अंताल्याला मुक्काम आणि रोज एक वाट: तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एकदिवसीय सहली

अंताल्याच्या आसपासच्या सहली फसतात त्या बहुतेक एकाच कारणाने. जायचं कुठे हे सकाळी ठरतं आणि परत यायचं कसं हे संध्याकाळी सहा वाजता हमरस्त्यावर उभं राहून शोधलं जातं. इथे दिवस उलट्या बाजूने आखावा. आधी परतीची शेवटची गाडी, मग अवशेषांचं फाटक बंद व्हायची वेळ, मग उन्हाचे तास, आणि या तिन्हींतून जे उरेल त्यात काय पाहायचं ते बसवायचं. एका दिवसात एक मोठं प्राचीन शहर आणि एकदा समुद्रात डुंबणं, एवढं पुष्कळ झालं. तीन-तीन शहरं एका दिवसात उरकणारे पर्यटक संध्याकाळी फोटो बघताना कुठला खांब कुठला यावर वाद घालत बसतात.

नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. अंताल्याच्या पूर्वेला सपाट मैदान आहे, प्राचीन काळचा पाम्फिलिया. पश्चिमेला तोरोस पर्वताच्या रांगा थेट समुद्रात उतरतात, तो लिकिया. दोन्हीकडे जाणारा किनारी हमरस्ता एकच, डी-400. पण पूर्वेला सिदेपर्यंतचे 75 किलोमीटर तासा-सव्वा तासात होतात, तर पश्चिमेला देम्रेपर्यंतच्या साधारण 145 किलोमीटरला अडीच ते तीन तास लागतात. किलोमीटर मोजून बेत केला की पश्चिमेला हमखास चुकतो.

कधी जावं

आपल्याकडच्या शाळांच्या दोन्ही सुट्या इथे चांगल्या जुळतात. मे महिन्यात डोंगर हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असतं, समुद्र मात्र जरा गार लागतो. दिवाळीच्या सुमारास उलट, डोंगर वाळलेले पण समुद्र उन्हाळाभर तापून अजून ऊब धरून असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांच्या वर जातो आणि संगमरवरी अवशेषांत सावली जवळपास नसतेच. त्या दिवसांत सकाळी फाटक उघडताच आत शिरा आणि अकराला बाहेर पडा.

तुर्कस्तान वर्षभर भारताच्या अडीच तास मागे असतं, घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. अंताल्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. त्यामुळे 'बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल' हा आपला हिशोब इथे चालत नाही, खरं ऊन एक ते चारमध्ये असतं. मेमध्ये सूर्यास्त आठच्या आसपास होतो, दिवाळीत सहाच्या आसपास. म्हणजे दिवाळीत आलात तर मेच्या बेतातले दोन तास आधीच वजा करा. हिवाळी वेळापत्रक लागलं की अवशेषांची फाटकंही लवकर बंद होतात, आणि तिकीटखिडकी फाटकाच्या आधी.

रमजान ईद आणि बकरी ईद या दोन्ही सणांना सगळा देश रस्त्यावर उतरतो. त्या आठवड्यात बसच्या जागा आधी धरून ठेवा, किंवा अंताल्याबाहेर पडूच नका.

निघण्याआधीची कामं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तर ई-व्हिसाची सोय आहे, नसेल तर रीतसर स्टिकर व्हिसा काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून विमानाचं तिकीट आधी काढून मग व्हिसाकडे वळू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. तिकडे रस्त्याची उजवी बाजू धरून चालवतात आणि चाक डावीकडे असतं. सरळ रस्त्यावर त्याची दहा मिनिटांत सवय होते. चूक होते ती पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि रिकाम्या चौकात डावीकडे वळताना. शेजारी बसणाऱ्याने त्या दोन वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, एवढा नियम घालून घ्या. वेगमर्यादेवर कॅमेरे आहेत, दंड भाड्याच्या कंपनीमार्फत मागाहून येतो.

सरकारी पुरातत्त्व स्थळांची परदेशी माणसाची तिकिटं युरोत ठरतात आणि दरवर्षी बदलतात. तीन-चार मोठी ठिकाणं पाहायची असतील तर भूमध्य किनाऱ्याचा सात दिवसांचा म्युझियम पास घेणं बहुधा परवडतं. हिशोब सोपा आहे. तुमच्या यादीतल्या ठिकाणांची सुटी तिकिटं बेरजेत पासच्या किमतीपुढे जातात का ते पाहा. पासचे दिवस पहिल्या फाटकापासून मोजतात, म्हणून आराम करायचा दिवस पास सुरू होण्याआधी घ्या, मध्ये नको. यानार्ताशचा जळता डोंगर, बोटी, वाहनतळ आणि स्वच्छतागृह यांना लिरातली सुटी रोकड ठेवा.

बसची भाषा

अंताल्याच्या मोठ्या बसस्थानकाला ओतोगार म्हणतात. तिथे दोन इमारती आहेत, एक लांबच्या शहरांसाठी आणि एक जिल्ह्यातल्या गावांसाठी. केमेर, कुमलुजा, देम्रे, काश या गाड्या दुसऱ्या इमारतीतून सुटतात. घाईत पहिल्या इमारतीत रांग लावली की पहिली गाडी चुकते. जुन्या शहरातून, म्हणजे काले-इचीतून, ओतोगारला जायला इस्मेतपाशा थांब्यावर ट्राम पकडा.

छोट्या अंतरांसाठी दोल्मुश असते. शब्दाचा अर्थच 'भरलेली', गाडी भरली की निघते. आपल्या सहा आसनी रिक्षेचाच न्याय. पैसे चालकाला द्यायचे, मागे बसलात तर पुढच्यांच्या हातून पुढे जातात आणि सुटे तसेच मागे येतात. उतरायचं असेल तेव्हा 'इनेजेक वार' असं जरा मोठ्याने म्हणा, म्हणजे 'उतरणारा आहे'. लाजलात तर पुढचा थांबा चार किलोमीटरवर असू शकतो. आणि गाडीतून उतरतानाच चालकाला विचारा, 'सोन दोल्मुश काच्ता?', शेवटची दोल्मुश किती वाजता? आकडा ऐकून घेऊ नका, फोनवर टाइप करायला सांगा. सगळ्या सहलीचा दोर या एका आकड्यात आहे.

थांब्यावरचं वेळापत्रक वाचणं मराठी माणसाला तितकंसं अवघड नाही. 'हाफ्ता' म्हणजे आपलाच हप्ता, आठवडा. 'हाफ्ता इची' या रकान्यात कामाच्या दिवसांच्या वेळा, 'हाफ्ता सोनू' म्हणजे शनिवार-रविवार. पण 'पाझार' दिसलं तर सांभाळा. शब्द बाजाराचाच, वेळापत्रकात मात्र त्याचा अर्थ रविवार. 'मैदान', 'दुकान'ही तिकडे जवळपास असेच आहेत आणि 'काले' म्हणजे किल्ला. पाटी वाचताना शेपटीवाला सी 'च', शेपटीवाला एस 'श', साधा सी 'ज', आणि डोक्यावर वाटी असलेला जी जवळजवळ मुका असतो.

पूर्वेची वाट: पेर्गे, आस्पेंदोस, सिदे

पेर्गे शहरापासून 17-18 किलोमीटरवर आहे आणि त्याला गाडीची गरज नाही. पूर्वेला जाणाऱ्या ट्रामला पुढे फाटा फुटतो, काही ट्राम विमानतळाला जातात तर काही आक्सूवरून एक्स्पोला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. आक्सूला उतरून उत्तरेला साधारण दोन किलोमीटर चालायचं. रस्ता सपाट आहे, सावली नाही.

आत शिरल्यावर आधी स्टेडियम आणि मग दोन गोल बुरुजांचं जुनं ग्रीक वेशीद्वार. बहुतेकजण बुरुजांपाशी फोटो काढतात, खांबांच्या रस्त्यावर थोडं पुढे जातात आणि परततात. तो रस्ता शेवटपर्यंत चाला. मधोमध पाण्याचा दगडी पाट आहे, ठरावीक अंतरावर त्यात आडवे बांध घातलेले आहेत. पाणी अडत, उतरत, गार हवा सोडत वाहावं यासाठी ही योजना. पाट जिथून सुरू होतो तिथे टेकडीच्या पायथ्याशी कारंज्याची भिंत आहे आणि तिथे केस्त्रोस नदीचा देव आडवा पहुडलेला आहे, पाणी त्याच्या खालून बाहेर पडायचं. रस्त्याच्या फरशीवर गाड्यांच्या चाकोऱ्या उमटलेल्या आहेत. वाकून बोट फिरवलं तर खाच बोटभर खोल लागते. शंकुछेदांवर ग्रंथ लिहिणारा गणिती अपोलोनियस याच गावचा. दुसऱ्या शतकात इथली मोठी बांधकामं आपल्या पैशाने करणारी प्लान्किया माग्ना ही बाई होती, हे तिच्या नावाच्या शिलालेखांवरून कळतं. पेर्गेला दोन तास द्या.

आस्पेंदोस अंताल्यापासून सुमारे 45 किलोमीटरवर. बसने जायचं तर सेरिकपर्यंत जाऊन पुढे बेल्किस गावाची दोल्मुश, नाहीतर हमरस्त्याच्या फाट्यावर उतरून साधारण चार किलोमीटर. भर उन्हात ही पायपीट करू नये. हा दिवस भाड्याच्या गाडीने किंवा तिघा-चौघांत टॅक्सी ठरवून करावा. टॅक्सी ठरवताना थांबण्याचे तास आणि ठिकाणांची नावं कागदावर लिहून घ्या. स्वस्तातल्या गट-सहलींत दागिन्यांच्या किंवा चामड्याच्या दुकानात तास-दीड तास जातो, आणि तो तास आस्पेंदोसच्या वाट्यातून कापला जातो. बुक करण्याआधी 'दुकानं किती?' हे स्पष्ट विचारा.

इथलं रोमन नाट्यगृह सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं, म्हणजे इसवी सन 161 ते 180 मधलं, झेनॉन नावाच्या स्थपतीचं. एवढं धड राहिलं याचं एक कारण असं की तेराव्या शतकात सेल्जुक तुर्कांनी त्याची डागडुजी करून ते वापरात ठेवलं. वरच्या कमानींच्या सज्जापर्यंत चढा, एकाला खाली रंगमंचावर उभं करून साध्या आवाजात बोलायला लावा. टाळ्या वाजवून घुमवण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात आणि खरी गंमत मागे ठेवतात. नाट्यगृहाशेजारून टेकडीवर जाणारी पाऊलवाट धरा. वीसेक मिनिटांत माथ्याच्या उत्तर टोकाला याल आणि खाली खोऱ्यात जलवाहिनीच्या कमानी व दोन उंच मनोरे दिसतील. डोंगरातलं पाणी खोलगट खोरं ओलांडून शहराच्या टेकडीवर चढवायचं होतं. एवढ्या उंचीचा पूल बांधण्याऐवजी रोमन अभियंत्यांनी पाणी बंद दगडी नळातून दाबाखाली नेलं. जिथे नळ वळतो तिथे हवा कोंडून नळ फुटायचा धोका असतो, म्हणून वळणांवर मनोरे उभारून माथ्यावर उघडी टाकी ठेवली. पाणी वर चढतं, कोंडलेली हवा सोडतं आणि पुन्हा नळात उतरतं. नळ म्हणजे मधोमध सुमारे 28 सेंटिमीटरचं भोक पाडलेले चौकोनी दगडी ठोकळे, एकमेकांत खोबणीने बसवलेले. असे ठोकळे परिसरात पडलेले दिसतात. नाट्यगृहाकडे येताना कोप्रूचाय नदीवर सेल्जुकांचा दगडी पूल लागतो. मधेच तो तिरका वळतो, कारण तो जुन्या रोमन पुलाच्या सरकलेल्या पायांवर उभा केला आहे.

सिदे दुपारी साडेतीननंतरच गाठा. जुनं गाव भूशिरावर आहे, गाड्या वेशीबाहेरच्या वाहनतळावर ठेवाव्या लागतात. बसने आलात तर मानवगातला उतरून दोल्मुश. भूशिराच्या टोकाला अपोलोच्या देवळाचे पाच खांब पुन्हा उभे केले आहेत, सूर्य समुद्रात बुडताना तिथे गर्दी होते. गर्दी नको असेल तर तासभर आधी तिथे जा आणि सूर्यास्त पश्चिमेकडच्या वाळूवरून पाहा. सिदे म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत डाळिंब, शहराच्या नाण्यांवरही डाळिंब आहे. गल्ल्यांत त्याचा रस मिळतो, भाव आधी विचारून घ्या. मानवगातचा धबधबा रुंद आहे पण उंची माणसा-दोन माणसांची. सह्याद्रीतला पाऊस पाहिलेल्या माणसाने त्यासाठी वाट वाकडी करू नये.

धबधबाच पाहायचा तर अंताल्यातच, लाराकडच्या बाजूला ड्यूडेन आहे. शहर ज्या सच्छिद्र चुनखडी पठारावर वसलंय त्याच्या कड्यावरून ही नदी जवळपास 40 मीटर खाली थेट समुद्रात कोसळते. वरच्या बागेतून ती अर्धीच दिसते, जुन्या बंदरातून सुटणाऱ्या बोटीतून पूर्ण. पोहोचल्या दिवशीच्या रिकाम्या दुपारी हे उरकावं.

तेर्मेसोस: चढायची तयारी असेल तरच

वायव्येला सुमारे 34 किलोमीटरवर, गुल्लुक डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानात, हजार मीटरहून जास्त उंचीवर हे शहर आहे. इसवी सनपूर्व 333 मध्ये सिकंदर इथवर आला आणि शहर न जिंकता पुढे गेला. तिथे चढून गेल्यावर का ते कळतं. ज्यांना राजगड किंवा हरिश्चंद्रगड आवडतो त्यांनी बाकीचं काहीही सोडावं, हे सोडू नये.

अडचण अशी की कोरकुतेलीची बस उद्यानाच्या फाटकाशी सोडते आणि तिथून वाहनतळ 9 किलोमीटर चढावर आहे. त्या रस्त्याला बस नाही. गाडी किंवा थांबणारी टॅक्सी हवीच, आणि टॅक्सीवाल्याशी चार तासांचा थांबा ठरवा, दोनचा नाही. दोन तासांत नाट्यगृहापर्यंत पोहोचून धापा टाकत परत यावं लागतं. वर दुकान नाही, नळ नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि घोटा धरणारे बूट घ्या. चपला-सँडलमध्ये गुळगुळीत दगडांच्या राशींवर पाय मुरगळतो, आणि खाली उतरवून आणणारं तिथे कोणी नसतं.

वाट वाहनतळावरूनच सुरू होते. तटबंदी आणि व्यायामशाळेची भिंत ओलांडून पाऊण तासात नाट्यगृहाशी याल. सुमारे 4,200 माणसांचं नाट्यगृह कड्याच्या ओठावर आहे, रंगमंचाच्या मागे थेट दरी. बाजारचौकाखाली खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांची तोंडं उघडी आहेत, कठडे नाहीत आणि गवतात ती दिसत नाहीत. मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका. आणखी वर दक्षिणेकडच्या उतारावर शेकडो दगडी शवपेट्या उलट्यापालट्या पडल्या आहेत, काही भूकंपांनी हलवलेल्या, बऱ्याच चोरांनी फोडलेल्या. इथे फारसं उत्खनन झालेलं नाही, म्हणून जंगलाने जसं झाकलं तसंच सगळं आहे. ढग उतरले तर वाटेच्या खुणा दिसेनाशा होतात. पावसाच्या दुसऱ्या दिवशीही जाऊ नये, ओला चुनखडी दगड शेवाळासारखा सटकतो.

पश्चिमेची जवळची वाट: ताहताली आणि फासेलिस

हा दिवस सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी डोंगर, मग समुद्र. ताहताली 2,365 मीटर उंच असून केमेर आणि तेकिरोवाच्या मधून त्याच्यावर दोरगाडी जाते, दहा-बारा मिनिटांत वर. समुद्रावरची दमट हवा ऊन चढलं की वर सरकते आणि दुपारी माथ्यावर ढग धरतो. पहिल्या फेऱ्यांतच वर जा, तिकीट काढण्याआधी माथा उघडा आहे का ते खालूनच बघा. खाली घाम येत असला तरी वर जाकीट लागतं.

फासेलिस अंताल्यापासून सुमारे 58 किलोमीटरवर, पाइनच्या बनात. कुमलुजाकडे जाणाऱ्या बसने फाट्यावर उतरून आत चालत जाता येतं. ऱ्होड्स बेटावरून आलेल्या लोकांनी इसवी सनपूर्व सातव्या शतकात हे वसवलं. जागा एका मेंढपाळाकडून सुक्या मासळीच्या बदल्यात घेतली अशी जुनी कथा आहे. बांगडे देऊन तीन बंदरं, सौदा वाईट नव्हता. तीनही बंदरं अजून आहेत आणि त्यांना जोडणारा रुंद फरसबंदी राजरस्ताही. दक्षिण टोकाला हेड्रिअन बादशहाच्या स्वागताची पडकी वेस. पोहायला दक्षिणेची खाडी घ्या, वाळू तिथे जास्त आहे. मधल्या छोट्या बंदरात पाणी निवांत असतं पण तळाला घडीव दगड आहेत, उडी मारू नका. अकरा ते तीन सहलीच्या बोटी येतात आणि गाण्यांचा कल्लोळ असतो, तीननंतर बन शांत होतं.

ऑलिंपोस, चिराली आणि पेटलेला डोंगर

अंताल्यापासून सुमारे 80 किलोमीटर. डी-400 वर ऑलिंपोसचा फाटा वेगळा आणि चिरालीचा वेगळा, मधे काही किलोमीटरचं अंतर. दोन्ही रस्ते खाली एकाच किनाऱ्याच्या दोन टोकांना पोहोचतात आणि मधे गाडीरस्ता नाही. चालकाला फक्त 'ऑलिंपोस' सांगितलं आणि खोली चिरालीत असली, की सामान ओढत वाळूतून तीन किलोमीटर चालायची वेळ येते.

दिवसाचा चांगला क्रम असा. ऑलिंपोसच्या फाट्यावर उतरा, दोल्मुशने खाली जा, ओढ्याकाठच्या अवशेषांतून चालत समुद्र गाठा. अवशेष दाट झाडीत आहेत, म्हणून दुपारीही चालतं. नदीच्या मुखाशी एव्देमोस नावाच्या नाखव्याची शवपेटी आहे, तिच्यावर त्याचं गलबत कोरलेलं आहे. दगडातली ती डौलदार वळणाची नाळ पाहिली की पुढचा समुद्र वेगळा दिसतो. मग किनाऱ्याने उत्तरेला चिराली. इथे गोटे आहेत, अनवाणी चालवत नाही.

या किनाऱ्यावर कॅरेटा कासवं अंडी घालतात, मे ते सप्टेंबरच्या दरम्यान. वेळासला ऑलिव्ह रिडलीची घरटी पाहिलेल्यांना नियम वेगळे सांगायला नकोत. जाळीच्या पिंजऱ्यापासून दूर राहा, वाळूत छत्रीचे दांडे खुपसू नका, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर दिवे आणि शेकोटी नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. हॉटेलच्या दिव्याकडे वळलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही.

यानार्ताश, म्हणजे 'जळता दगड', चिरालीच्या उत्तर टोकाहून आत. पायथ्याच्या फाटकापासून साधारण एक किलोमीटरची चढण, वेड्यावाकड्या दगडी पायऱ्या, अर्धा तास. वर उघड्या खडकाच्या भेगांतून ज्वाळा निघतात, काही पणतीएवढ्या, काही गुडघ्याएवढ्या. हा ज्वालामुखी नव्हे, खाली तप्त रस वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खोलवर ऑलिव्हीनयुक्त खडकाशी मिळून हायड्रोजन तयार होतो. त्याची कार्बनशी गाठ पडली की मिथेन होतो, आणि खडकातलं रुथेनियम त्या क्रियेला हातभार लावतं. हा वायू भेगांतून वर येऊन जळत राहतो. कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या ज्योतीही भूगर्भातल्या वायूच्याच. ग्रीकांनी इथे तोंडातून आग ओकणारी किमेरा राक्षसी पाहिली आणि लोहारदेव हेफैस्तोसचं देऊळ बांधलं. त्याचे दगड ज्वाळांच्या पायथ्याशी पडलेले आहेत.

दिवसा ज्वाळा फिक्या दिसतात, पाहायला जायचं ते अंधार पडताना. आणि नेमकी इथेच परतीची अडचण येते. अंधारानंतर चिरालीतून हमरस्त्यावर यायला दोल्मुश नसते. तेव्हा तीनच मार्ग उरतात: स्वतःची गाडी, अंताल्याहून रात्रीची गट-सहल, किंवा चिरालीत एक रात्र. मुक्काम सगळ्यांत बरा. फोनचा उजेड पायऱ्यांना पुरत नाही आणि एक हात अडकतो, डोक्याला बांधायची बॅटरी न्या. माणसाच्या पायांनी दगड घासून गुळगुळीत झालेत, उतरताना जास्त सांभाळा. विझलेल्या दिसणाऱ्या भेगेवर वाकू नका. वाऱ्याने ज्योत विझली तरी वायू येतच असतो आणि शेजारच्या ज्वाळेने तो भपकन पेटतो. ओढणी, पदर, लोंबती जाकिटं आवरून ठेवा.

देम्रे आणि केकोवा: सर्वांत लांबचा दिवस

सकाळची पहिलीच गाडी. फिनिकेनंतरचा रस्ता कडा आणि समुद्र यांच्यामधून वळणं घेत जातो, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी फिनिकेच्या अर्धा तास आधी घ्यावी. केकोवा बेटाकडे, म्हणजे 'बुडालेलं शहर' दाखवायला, नेणाऱ्या बोटी साधारण दहा-अकराला निघून चार-पाचला परततात, म्हणून देम्रेत उतरल्यावर आधी बोट, मग अवशेष. बोटी दोन ठिकाणांहून सुटतात. चायाअझी हे देम्रेचं बंदर, गावापासून चार-पाच किलोमीटर. उचाअझ हे पुढचं गाव बेटाच्या समोरच, पण तिथे बसची सोय जेमतेम. गाडी असेल तर उचाअझ, नसेल तर चायाअझी.

बुडालेलं शहर या नावावरून पाण्याखाली देवळं दिसतील असं वाटतं. तसं नाही. भूकंपांनी किनारा खचला आणि घरांचे पाये, समुद्रात उतरत नाहीशा होणाऱ्या पायऱ्या आणि खडकात कोरलेल्या भिंतींच्या रेषा तेवढ्या राहिल्या. बोट बेटाला समांतर हळू जाते, तेव्हा बेटाच्या बाजूची जागा धरा. अवशेषांवर पोहायला आणि बुड्या मारायला बंदी आहे, पोहण्याचे थांबे वेगळ्या खाड्यांत असतात. बोट कालेकोय या किनाऱ्यावरच्या गावाला थांबेल अशीच निवडा. तिथे रस्ता जात नाही, किल्ल्याच्या आत खडकात कोरलेलं सातच ओळींचं इवलंसं नाट्यगृह आहे, आणि खाली पाण्यात एक लिकियन शवपेटी एकटी उभी असते.

परतल्यावर मिरा, म्हणजे देम्रेतलं प्राचीन शहर. कड्याच्या उभ्या भिंतीत कोरलेली थडगी इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या आसपासची. जवळ जाऊन कपाळपट्टी बघा. तुळयांची गोल टोकं, चौकटी, खाचा, सगळं सुताराचं काम दगडात उतरवलेलं आहे. भाज्याच्या लेण्यात लाकडी फासळ्यांची नक्कल दगडात पाहिलेली असेल तर इथे ओळख पटते. राहत्या लाकडी घरासारखं मेल्यावरचं घर. वर चढायला परवानगी नाही. नाट्यगृहासमोर दगडी मुखवटे कोरलेले तुकडे ठेवलेत, ते घाईत सुटतात.

सेंट निकोलसचं चर्च गावात, चालण्याच्या अंतरावर. चौथ्या शतकातला मिराचा हा बिशप पुढे सांताक्लॉज झाला. त्याच्या अस्थी 1087 मध्ये इटलीतल्या बारीला नेल्या गेल्या. बोट, मिरा आणि चर्च तिन्ही एका दिवसात बसतात ती फक्त मे ते सप्टेंबरमध्ये. दिवाळीत आलात तर चर्च सोडा किंवा देम्रेत राहा.

पामुक्कालेच्या पांढऱ्या चुनखडी पायऱ्यांची एकदिवसीय सहल अंताल्यात प्रत्येक कोपऱ्यावर विकतात. एका बाजूला साडेतीन-चार तास लागतात आणि पोहोचता ती वेळ भर दुपारची. पामुक्काले पाहायचंच तर तिथे मुक्काम करा, या यादीत ते बसत नाही.

खाणं

शाकाहारी माणसाचा दिवस गोझलेमेवर निभावतो. पातळ लाटलेली पोळी, आत सारण, सपाट तव्यावर भाजलेली. 'पातातेसली' बटाट्याचं, 'पेयनिरली' चीजचं (शब्द आपल्या पनीराचाच भाऊ), 'इस्पानाकली' पालकाचं. 'कियमाली' म्हणजे खिमा, ते टाळा. 'एतसिझ' म्हणजे बिनमांसाचं. मसूरडाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात कधी मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. अंताल्याचा पियाझ म्हणजे तिळाच्या वाटणातला पांढरा राजमा, थंडच देतात. त्यावर अंड्याच्या फोडी असतात, नको असतील तर मागवतानाच सांगा. ताकाला आयरान म्हणतात, ते खारट असतं आणि चढण उतरून आल्यावर पाण्यापेक्षा जास्त कामाला येतं.